कल्पित जगाचा आकार कसा शोधायचा: खान्देशातल्या नव्या वाचकांसाठी

अद्भुत कादंबरीच्या पहिल्या पानावर बहुतेक वेळा नकाशा असतो. डोंगररांगा, राज्यं, एखादं शापित जंगल, खाली समुद्र. पण ते जग गोल आहे की सपाट, केवढं मोठं आहे, त्याला कडा आहे की नाही, हे लेखक क्वचितच सांगतो. ते वाचकानं शोधायचं असतं. या शोधाला लागतं काय? एक वही, एक काठी आणि नववी-दहावीची भूमिती. उत्तर नकाशात सापडत नाही. पात्रांना सावली कशी दिसते, क्षितिज कुठे लागतं, कोणता तारा कुठे बुडतो, अशा वाक्यांमध्ये ते विखुरलेलं असतं.

खान्देशातल्या माणसाला या विद्येचा गुरू परका नाही. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानं मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिला. त्यातल्या गोलाध्यायात पृथ्वीचा आकार त्यांनी ज्या रीतीनं तपासला, तीच रीत आपण कल्पित जगाला लावणार आहोत.

पहिलं काम: वही

पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना आकाश, क्षितिज, प्रवासाचे दिवस, ऋतू आणि वजन यांच्याशी संबंध असलेलं प्रत्येक वाक्य पान-क्रमांकासह उतरवून घ्या. पहिल्या वाचनात हे करू नका, गोष्टीची मजा जाते.

प्रत्येक वाक्यापुढे ते कोण म्हणतंय हे लिहा. निवेदक स्वतः सांगत असेल तर ती साक्ष भक्कम. एखाद्या खलाशानं डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन केलं असेल तर तीही चांगली. मंदिरातला पुजारी किंवा दरबारी पंडित ‘जग असं आहे’ म्हणत असेल, तर त्या जगातल्या लोकांची समजूत काय आहे एवढंच त्यावरून कळतं. सर्वात मोलाची साक्ष लेखकाच्या हातून सहज निसटलेली असते. जगाचा आकार मनातही नसताना, केवळ प्रसंग रंगवायला लिहिलेलं वाक्य. ‘आधी शिडांची टोकं दिसली, मग हळूहळू जहाज वर आलं’ हे त्यातलंच.

मग नकाशा बाजूला ठेवा

नवे लोक इथेच अडकतात. नकाशाची चौकट म्हणजे जगाची कड नव्हे. जळगाव जिल्ह्याच्या नकाशात रावेरच्या पुढे कोरा कागद असतो, म्हणून रावेरच्या पुढे पृथ्वी संपत नाही. कागदावरचे आकारही फसवतात. शाळेच्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे.

नद्यांवरूनही घाई करू नका. ‘सगळ्या नद्या पश्चिमेला वाहतात, म्हणजे हे जग पश्चिमेकडे कललेली थाळी आहे’ असा तर्क वाचायला मिळतो. तापी पश्चिमेला जाते, कारण ती सातपुड्याच्या दक्षिणेच्या खचदरीतून वाहते. अजिंठा-सातमाळ्याच्या पलीकडे गेलात की गोदावरी पूर्वेला निघालेली दिसते. दोन्ही नद्या एकाच गोल पृथ्वीवर आहेत. नदी जवळपासचा उतार सांगते, जगाचा नाही.

नकाशावरून एकच गोष्ट खात्रीनं तपासता येते, तीही नकाशाच्या कडा एकमेकींना जोडलेल्या आहेत असं कथेत किंवा खेळात दाखवलं असेल तर. पूर्वेकडून बाहेर पडलेलं जहाज पश्चिमेकडून आत आलं, तर गोल, नळकांडं, कंकण, सगळेच आकार शक्य राहतात. पण उत्तरेकडून बाहेर पडलेलं जहाज दक्षिणेकडून आत आलं, तर तो गोल असूच शकत नाही. गोलावर उत्तर ध्रुव ओलांडला की माणूस पुन्हा उत्तर भागातच, दुसऱ्या रेखांशावर उतरतो. वरची कड खालच्या कडेला जोडणारं जग मधे भोक असलेल्या मेदुवड्याच्या आकाराचं असतं. अनेक व्हिडिओ गेमची जगं अशीच आहेत.

पूर्ण प्रदक्षिणेच्या गोष्टीनं फार हुरळून जाऊ नका. मॅगेलनच्या मोहिमेतलं जहाज १५२२ साली परतलं तेव्हा खलाशांच्या नोंदीत एक दिवस कमी भरला होता. कथेत असा हरवलेला दिवस आला की वाचक लगेच ‘गोल!’ म्हणतात. पण सपाट चकतीवर सूर्य मधल्या बिंदूभोवती फिरत असेल आणि जहाजही त्या बिंदूभोवती चक्कर मारून आलं, तरी एक दिवस हरवतोच. त्यामुळे ही साक्ष गोलाच्या बाजूनं धरता येत नाही, विरुद्धही नाही.

क्षितिज मोजा

पृथ्वीवर डोळ्यांची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.५७ नं गुणा. क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते मिळतं. उभ्या माणसासाठी हे साधारण साडेचार किलोमीटर येतं, शंभर मीटर उंच बुरुजावरून जवळजवळ ३६.

क्षितिजापलीकडच्या वस्तूचा खालचा भाग किती लपतो, हेही सोपं आहे. अंतरातून ४.५ वजा करा, वर्ग करा, १२.७ नं भागा. उत्तर मीटरमध्ये. दहा किलोमीटरवर अडीच मीटर झाकले जातात, वीसवर एकोणीस, पन्नासवर एकशे साठच्या आसपास, शंभरवर सातशेहून जास्त. हवेत प्रकाश थोडा वाकतो, म्हणून प्रत्यक्षात याहून थोडं कमी लपतं. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी तापीकाठच्या सपाटीवरून सातपुडा बघणाऱ्यानं हे आकडे मनात ठेवावेत. चाळीस किलोमीटरवरून आपल्याला डोंगराचा जो पायथा वाटतो, तो खरा पायथा नसतो. मधली जमीन अगदी पाण्यासारखी सपाट धरली तरी जवळजवळ शंभर मीटर खाली दडलेले असतात.

कादंबरीत हे उलटं वापरायचं. दहा दिवसांच्या वाटेवरून गडाचा दरवाजा दिसतो असं निवेदक लिहीत असेल, तर जग सपाट आहे, प्रचंड मोठं आहे, किंवा लेखकानं विचार केलेला नाही. तिसरी शक्यता शेवटी ठेवा, आधी पहिल्या दोन तपासा. आणि क्षितिजाऐवजी जमीन दूरवर वर वर चढत जाऊन धूसर होते, डोक्यावर पलीकडची शेतं दिसतात असं वर्णन आलं, तर तुम्ही पोकळ जगाच्या आतल्या बाजूला आहात. फिरत्या नळकांड्यात दोनच बाजू वर वळतात, पोकळ गोलात चारही.

भास्कराचार्यांचा एक मुद्दा या पायरीवर लक्षात ठेवावा. परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो, आणि पृथ्वी फार मोठी, तिच्या पाठीवरचा माणूस फार लहान, म्हणून त्याला सगळी पृथ्वी सपाट वाटते, असं ते म्हणतात. तेव्हा ‘आम्हाला तर सगळं सपाटच दिसतं’ या पात्राच्या वाक्याला पुराव्याची किंमत शून्य.

सावली: इथे वेळ द्या

सगळ्या पायऱ्यांत मला ही सर्वात प्रिय आहे, आणि ती आपल्या अंगणात करून बघता येते. सगळा खान्देश कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून इथे वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मेच्या शेवटी आणि पुन्हा जुलैत, पण जुलैत ढगांमुळे हाती काही लागत नाही. मे महिन्यात शून्य सावली आधी चाळीसगावला येते आणि मग उत्तरेकडे सरकत पाच-सहा दिवसांनी शहाद्याला पोचते. दोन्ही गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १२० किलोमीटर, अक्षांशाचा फरक एका अंशाहून किंचित जास्त. दोन गावच्या दोन मित्रांनी एकाच दुपारी सारख्या उंचीच्या काठ्या उभ्या केल्या तर सावल्यांमधला फरक मोजता येतो.

एवढ्यावर जगाचा परीघ काढता येतो. प्राचीन ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिस यानं इजिप्तमध्ये हेच केलं. सायीनला सूर्य डोक्यावर असताना अलेक्झांड्रियात तो ७.२ अंश कललेला होता, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणून दोन शहरांमधल्या अंतराची पन्नास पट म्हणजे परीघ. भास्कराचार्यांनीही हेच त्रैराशिक दिलं आहे: दोन नगरांच्या अक्षांशांतल्या फरकाला इतकी योजनं, तर ३६० अंशांना किती? उज्जयिनी विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या भागावर आहे, असं त्यांनी धरलं. पृथ्वीचा परीघ ते ४९६७ योजनं सांगतात.

पण सावध. दोन ठिकाणच्या सावल्यांवरून गोलपणा सिद्ध होत नाही. जमीन सपाट असेल आणि सूर्य जवळ असेल, तरी दोन गावांच्या सावल्या वेगळ्या पडतील. इरॅटोस्थेनिसचेच आकडे सपाट जमिनीवर बसवले, तर सूर्य साधारण सहा हजार तीनशे किलोमीटर उंचीवर येतो, आणि हिशोबात एकही चूक निघत नाही. म्हणून तिसरं ठिकाण हवं, तेही बरंच लांबचं. सूर्य जिथे डोक्यावर आहे तिथून पृथ्वीवर तीन हजार किलोमीटर गेलात, तर तो २७ अंश कललेला दिसतो. सपाट जगात, जवळच्या सूर्याखाली, २५ अंश. इथवर फरक किरकोळ. सहा हजार किलोमीटरवर मात्र एकीकडे ५४ आणि दुसरीकडे ४३. दहा हजारांवर पृथ्वीवरचा सूर्य क्षितिजाला टेकतो, सपाट जगातला अजून बत्तीस-तेहेतीस अंश वर असतो.

म्हणजे सपाट जगात जवळचा सूर्य मावळूच शकत नाही. तो लहान लहान होत जाईल, पण क्षितिजाखाली जाणार नाही. गोलाध्यायात भास्कराचार्य नेमका हाच प्रश्न विचारतात: पृथ्वी आरशाच्या पृष्ठासारखी सपाट असेल, तर वर दूर फिरणारा सूर्य देवांना दिसतो तसा माणसांना सदैव का दिसत नाही? मेरू पर्वताआड गेल्यामुळे रात्र होते असं म्हणाल, तर मधे येणारा तो मेरू आपल्याला दिसत का नाही? आणि मेरू उत्तरेला, तर सूर्य वर्षातले काही महिने दक्षिणेकडे सरकून कसा उगवतो? एक स्पष्टीकरण आलं की त्यालाही तीच कसोटी. कल्पित जगाबद्दल कुणी ‘तिथे जादूचा पर्वत सूर्य झाकतो’ म्हणालं, तर तुम्हीही एवढंच विचारा: तो पर्वत कुणाला दिसला?

तारे, वेळ, ग्रहण

ध्रुवतारा जळगावातून क्षितिजाच्या वर साधारण २१ अंशांवर दिसतो, कारण जळगावचा अक्षांशच तेवढा आहे. अगस्त्य तारा दक्षिणेला इथून जास्तीत जास्त सोळा अंश चढतो, दिल्लीतून नऊच्या आतच राहतो. पात्र दक्षिणेला जाताना मागचे तारे बुडत आणि पुढे नवे उगवत असतील, तर जमीन उत्तर-दक्षिण वाकलेली आहे. अंश मोजायला यंत्र लागत नाही: हात ताणून धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते. कथेतले खलाशीही असंच मोजतात, म्हणून ‘दोन मुठी वर’ असं वाक्य आलं की लगेच वहीत घ्या.

पूर्व-पश्चिम वाकण वेळेवरून कळते. रावेरला नंदुरबारपेक्षा सूर्य साधारण सात मिनिटं आधी उगवतो. घड्याळ नसलेल्या कथेत एवढा फरक कुणाच्या लक्षात येणार नाही, पण जादूच्या आरशातून दूरच्या राज्याशी बोलणारी पात्रं असतील तर बघा: इथे दुपार असताना तिथे दिवे लागलेत का?

चंद्रग्रहणाचं वर्णन फुकट घालवू नका. त्या जगाची सावली प्रत्येक ग्रहणात, चंद्र आकाशात कुठेही असताना, गोलच पडत असेल तर जग गोल. चकतीची सावली कधी गोल, कधी लंबवर्तुळ, कधी नुसती पट्टी पडेल.

वजन

ही पायरी अनेक जण सोडून देतात, आणि सपाट जगांचे बरेच दावे इथेच कोसळतात. चकतीवरचं गुरुत्व मधोमध सरळ खाली ओढतं, पण कडेकडे जावं तसं ते केंद्राच्या दिशेनं तिरकं होतं. कडेजवळचा माणूस सपाट जमिनीवर असूनही चढण चढल्यासारखा चालेल, आणि समुद्र मधे गोळा होईल. कडेवरून धबधब्यासारखा कोसळणारा समुद्र दिसायला भव्य, पण त्यासाठी वेगळं बळ लागतं. पृथ्वीइतक्या घनतेच्या दगडाची अमर्याद पसरलेली लादी घेतली, तर आपल्याएवढं वजन मिळायला ती सुमारे ४,२५० किलोमीटर जाड हवी. पोकळ गोलाच्या आत तर कवचाच्या सगळ्या बाजूंची ओढ एकमेकींना रद्द करते, काही उरतच नाही. तिथले लोक तरंगतील, नाहीतर ते कवच फिरत असलं पाहिजे.

लेखकानं जादूनं वजन दिलं असेल तर ते मान्य करा, पण त्या जादूचा नियम काय हे त्याच्याच वाक्यांतून काढा. आपण बाहेरून नियम घालायचे नाहीत.

एक सराव

उदाहरणापुरती मी एक कादंबरी रचतो. उत्तरेला धवलगड, दक्षिणेला नीलबंदर. वहीत तीन नोंदी. धवलगडावरून ध्रुवताऱ्यासारखा स्थिर तारा चार मुठी वर दिसतो, नीलबंदराहून एक मूठ. वाट सरळ दक्षिणेची, पन्नास दिवसांची. नीलबंदराच्या वीस मीटर उंच मनोऱ्यावरून पहारेकऱ्याला पूर्वेकडून येणाऱ्या जहाजाच्या तीस मीटर डोलकाठीचं टोक दहा कोसांवर दिसतं, जहाज अजून पाण्याखालीच.

फरक तीन मुठी, म्हणजे तीस अंश, वर्तुळाचा बारावा भाग. पन्नास दिवस बैलगाडीचे धरले, दिवसाला पंचवीस किलोमीटर, तर अंतर १,२५० आणि परीघ १५,००० किलोमीटर. हे जग मंगळापेक्षाही लहान. पृथ्वीइतकी घनता धरली तर वजन आपल्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. आपल्याएवढं वजन हवं असेल तर सगळा गोळा शिशापेक्षा जड द्रव्याचा हवा. आणि मनोऱ्याची गोष्ट जुळतच नाही: एवढ्या लहान गोलावर ती डोलकाठी बावीस किलोमीटरच्या पुढे दिसायला नको. कोस तीन किलोमीटरचा धरला तर पहारेकरी तीस सांगतोय.

अशा वेळी पहारेकऱ्याला खोटं ठरवू नका. प्रवासाचं प्रकरण पुन्हा उघडा. दूत ‘दर चौकीवर घोडा बदलून’ गेला असं तिथे लिहिलेलं सापडलं, तर दिवसाला साठ किलोमीटर धरता येतात. अंतर तीन हजार, परीघ ३६,०००, जवळजवळ पृथ्वीएवढा. डोलकाठी आता चौतीस किलोमीटरपर्यंत दिसू शकते, म्हणजे पहारेकऱ्याचे तीस बसतात. सगळा हिशोब बैल की घोडा यावर लटकलेला होता.

वाट वळणांची असेल तर खरं अंतर कमी, म्हणून ३६,००० ही वरची मर्यादा. डोलकाठीची नोंद खालून धरते: परीघ फारच लहान केला तर टोक दहा कोसांवर दिसणार नाही. दोन्हींच्या मधे जे उरतं तोच तुमचा दावा. ताऱ्याची नोंद उत्तर-दक्षिण वाकण सांगते, जहाज पूर्वेकडून आलं म्हणून पूर्व-पश्चिमही. दोन्ही दिशांना जमीन बाहेरच्या बाजूनं वाकलेली आहे, तेव्हा चकती, नळकांडं आणि पोकळ कवच बाद.

मित्रांसमोर दावा मांडताना तो कशानं मोडेल हेही सोबत लिहा. इथे ते असं होईल: पुढच्या भागात कुणी नीलबंदराहून आणखी दक्षिणेला गेलं आणि उरलेली एक मूठ उतरायला तशाच डाकेच्या घोड्यांना सतरा-अठराऐवजी चाळीस दिवस लागले, तर जग गोल नाही, लांबट आहे, आणि वही पहिल्या पानापासून पुन्हा तपासावी लागेल.